शंभर लिटर समुद्र: पुण्यातल्या फ्लॅटमध्ये छोटी रीफ टाकी कशी लावावी

पुण्यात रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे यांची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवायची म्हणजे समुद्राचं पाणी घरीच तयार करायचं आणि ते बाराही महिने जसंच्या तसं राखायचं. मासे, कोरल, निळे दिवे हे सगळं त्यानंतर. नवी टाकी फसते तेव्हा कारण बहुधा एकच असतं: पाणी स्थिरावायच्या आत त्यात जीव सोडलेले असतात. म्हणून या लेखात पाण्यावर जास्त लिहिलं आहे आणि माशांवर कमी.

अलिबाग किंवा दिवेआगरहून कॅन भरून पाणी आणायचा विचार मनात येतोच. तो सोडून द्या. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ असतो, सांडपाणी असतं, बोटींचं तेल असतं. पावसाळ्यात नद्या-ओढ्यांमुळे त्याचा खारेपणा उतरतो. शिवाय बंद कॅनमध्ये त्यातले सूक्ष्म जीव घाटातच मरायला लागतात, आणि घरी येतं ते कुजू लागलेलं पाणी.

टाकी आणि जागा

सुरुवातीला २ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घ्या, काच १० मिलिमीटर. हिशेबाने तिच्यात सुमारे १२७ लिटर पाणी मावतं. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता हाती १०० लिटर राहतं, आणि पुढचे सगळे हिशेब या आकड्यावर सोपे होतात. तीस लिटरची नॅनो टाकी दिसायला सोपी वाटते, पण तिच्यात एक मासा मेला तरी सकाळपर्यंत अमोनिया (कुजण्यातून सुटणारं विष) वर गेलेला असतो. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

काच, पाणी, खडक, वाळू आणि स्टँड मिळून वजन २०० किलोच्या आसपास जातं. राहत्या घरांच्या स्लॅबला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरलेला असतो. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीला लागून ठेवा, खाली बीम असेल तर उत्तम. पुढे काढलेल्या बाल्कनीत मुळीच नको. पश्चिमेची खिडकीही टाळा, कारण एप्रिलमध्ये दुपारचं ऊन टाकीवर आलं की कुठलाही पंखा पुरा पडत नाही. स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ आणि तेलाचा तवंगही तिला सोसत नाही.

सॉकेट पाण्याच्या पातळीपेक्षा वर किंवा बाजूला असावं, टाकीच्या मागे खाली नको. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. त्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि तुमचा हात रोज त्यात असणार आहे. हा खर्च पुढे ढकलायचा नाही.

मीठ घालण्याआधी टाकी नळाच्या पाण्याने भरून २४ तास ठेवा. सांधा गळत असेल तर तेव्हाच कळू दे.

पाणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

खडकवासला धरणसाखळीचं पाणी मऊ आहे, पण त्यात क्लोरीन असतं आणि पावसाळ्यात गढूळपणा वाढतो. वाघोली, उंड्री, पिसोळी या बाजूला टँकर किंवा बोअरचं पाणी येतं, त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५०० च्या पुढे सहज जातो. दोन्ही पाणी थेट वापरायचं नाही. त्यातले नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट हे शेवाळाचं खाद्य आहे, आणि जुन्या पाइपातून येणारं तांबं कोळंबी-शंखांना मारतं.

हवं ते शून्य टीडीएसचं पाणी. घरातला पिण्याचा आरओ त्या कामाचा नाही, कारण चवीसाठी त्यात टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज बसवलेलं असतं आणि नळाला ५०-१०० टीडीएस येतो. एक तर वेगळं आरओ-डीआय युनिट (आरओनंतर उरलेले क्षार रेझिनने काढणारं) घ्या, किंवा मेकॅनिककडून मेंब्रेननंतर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी एक टी-जोड काढून घ्या, तिथेही कंट्रोलरचं पाणी मिसळत नाही ना हे पाहा, आणि तिला डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडा. टीडीएस मीटर शून्याऐवजी २-३ दाखवायला लागला की रेझिन बदलायची वेळ झाली. आरओचं वाया जाणारं पाणी पिंपात धरून फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा.

गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायची पुण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ४० लिटर तयार पाणी कायम फूड ग्रेड प्लॅस्टिकच्या पिंपात झाकून ठेवा. तांब्या-पितळेच्या भांड्यात ते अर्धा तासही ठेवायचं नाही, मग पिंप रिकामं नसलं तरी.

मीठ म्हणजे रीफसाठीचं मरीन सॉल्ट मिक्स. खायचं मीठ, सैंधव, खडेमीठ यातलं काही चालत नाही. समुद्रात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि कार्बोनेट ठरावीक प्रमाणात असतात, आणि कोरल त्यांच्यावरच जगतं. दर लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे थोडा फरक पडतो. पहिल्या भरणीला, म्हणजे १०० लिटरला, पावणेचार किलो धरा.

पिंपात आधी पाणी, मग पंप चालू, मग मीठ थोडं थोडं करून. मिठावर पाणी ओतलंत तर तळाशी खारटपणा एकदम वाढून कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो आणि तो परत विरघळत नाही. पाणी किती वेळ ढवळायचं ते पाकिटावर दिलेलं असतं, तेच पाळा. काही ब्रँड चार तासांत वापरायचे असतात, काही रात्रभर ठेवले तरी चालतात. पावसाळ्यात उघडं राहिलेलं मीठ ओल धरतं आणि त्याचे खडे होतात. असं मीठ टाकून द्या. ते विरघळलं तरी अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सावरून धरायची ताकद) कमी भरते. पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात ओता.

खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. तो रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. सुईचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर बुडबुडा अडकला तरी चुकीचा आकडा दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर महिन्यातून एकदा ३५ पीपीटीच्या द्रावणाने लावून घ्या. नुसत्या साध्या पाण्याने शून्य जुळवला तरी वरचा आकडा चुकू शकतो.

आता बाष्पीभवन. टाकीतून उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. १०० लिटरमधून ३ लिटर गेले की ३५ चा आकडा ३६ होतो, आणि उन्हाळ्यात ३ लिटर एका दिवसात जातात. ही भर नेहमी साध्या आरओ-डीआय पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) घेणं परवडत असेल तर दिव्यावरचे पैसे थोडे कमी करून ते घ्या. त्याचा सेन्सर दर आठवड्याला पुसा. त्यावर गोगलगाय बसली की तो फसतो आणि सगळं गोडं पाणी टाकीत ओततो. म्हणून त्याच्या पिंपात एका वेळी १० लिटरच ठेवा.

पुण्याचा उन्हाळा, पुण्याची थंडी

पाण्याचं तापमान २५ ते २६.५ अंश हवं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीपर्यंत जातो, पण हवा कोरडी असते, आणि ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावलेले दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे अशा हवेत तापमान दोन-तीन अंशांनी सहज खाली आणतात. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा एवढं काम करत नाही. मात्र तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल, खोली दुपारी ३२ च्या पुढे जात असेल आणि एसी नसेल, तर चिलर लागेल. तो गरम हवा बाहेर फेकतो, म्हणून बंद कपाटात ठेवू नका.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे हीटरही लागतो. शंभर वॅटचा एक घेण्यापेक्षा पन्नासचे दोन घ्या आणि ते वेगळ्या तापमान नियंत्रकावर लावा. हीटरचा थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा कधी कधी तो चालूच अडकतो, आणि एकटा मोठा हीटर रात्रीत पाणी बेताबाहेर तापवतो. पन्नासचा एक अडकला तर तुम्हाला सावरायला वेळ मिळतो.

वीज गेली की पहिला धोका तापमानाचा नसतो, प्राणवायूचा असतो. वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) थांबला की पृष्ठभाग हलत नाही, आणि काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर लावा, दिवा आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा.

खडक, वाळू आणि सहा आठवड्यांची वाट

समुद्रातून काढलेला जिवंत खडक घेऊ नका. आपल्याकडे तो बहुधा मेलेल्या प्रवाळाचाच तुकडा असतो आणि कायद्याने अडचणीत आणतो. कोरडा अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) किंवा सिरॅमिक खडक ८ ते १० किलो पुरे. तो थेट काचेच्या तळावर टेकवा, मग भोवती वाळू घाला. उलट केलंत तर वाळू उकरणारा मासा खालून पोखरतो आणि रचना कोसळते. चारही बाजूंना ८ सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर काच घासायला हात जाणार नाही. अ‍ॅरागोनाइट वाळू १ ते २ मिलिमीटर दाण्याची, ३ सेंटिमीटर थर, म्हणजे सुमारे १२ किलो. बांधकामाची किंवा नदीची वाळू नको, तिच्यातून सिलिकेट सुटतं.

खारं पाणी भरलं, पंप-हीटर चालू केले, दिवा बंद ठेवला, की सायकलिंग सुरू. खडकावर दोन प्रकारचे जिवाणू वाढवायचे आहेत: एक अमोनियाचं नायट्राइट करणारे, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करणारे. बाटलीतले जिवाणू घाला आणि त्यांना खायला अमोनिया द्या. १०० लिटरमध्ये २ पीपीएम (दहा लाखांत २ भाग) अमोनियासाठी शुद्ध, प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड ०.६ ते ०.७ ग्रॅम लागतं. कल्हईसाठी मिळणारा नवसागर हाच पदार्थ असला तरी तो अशुद्ध असतो, तो वापरू नका.

दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट तपासून वहीत लिहा. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत दोन्ही शून्यावर आले की सायकल पूर्ण झाली. याला ३ ते ६ आठवडे लागतात. थंडीत टाकी लावली आणि हीटर कमी पडला तर जास्त. शेवटी ३०-४० टक्के पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट खाली येईल.

प्रवाह, स्किमर, दिवा

सॉफ्ट कोरलसाठी ताशी २००० ते ३००० लिटरचा एक डीसी वेव्हमेकर पुरतो. तो खडकाच्या पुढच्या मोकळ्या पाण्यात फिरेल असा लावा, थेट कोरलवर नको. टाकीच्या काठाला अडकवायचा छोटा स्किमर घ्या. पहिल्या एक-दोन आठवड्यांत तो उगीच उतू जातो किंवा काहीच काढत नाही, त्याला तसाच राहू द्या. निळ्या प्रकाशाचा भर असलेला एलईडी रोज ८ तास, सुरुवातीला ३०-४० टक्के तेजावर. दर आठवड्याला पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. कोरल पांढरं पडण्यामागे कमी प्रकाशापेक्षा घाईने वाढवलेला प्रकाश जास्त वेळा असतो.

काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही

सगळे कठीण प्रवाळ, सी फॅन, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप आणि फायर कोरल हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही. मालवणच्या समुद्रातून तोडून आणलेला तुकडा म्हणजे सरळ गुन्हा, आणि हा छंद ज्या जिवासाठी आहे त्याच्यावरच घाव. कठीण कोरल परदेशी असल्याचं दुकानदाराने सांगितलं तरी ते साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असतं आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांच्या ताब्याची नोंदणी लागते. नवशिक्याने त्यात पडूच नये. सॉफ्ट कोरलमध्येही टाकीत वाढवलेले तुकडे मागा आणि बिल घ्या.

मशरूम, झोएंथिड, लेदर कोरल, झेनिया ही चांगली सुरुवात. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया झपाट्याने पसरतात, त्यांना मुख्य खडकापासून वेगळ्या दगडावर ठेवा. अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) किमान आठ-दहा महिने नको. ते जागा शोधत फिरतं, वेव्हमेकरमध्ये अडकतं आणि चिरडलं की सगळ्या टाकीत विष सोडतं.

झोएंथिड आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. त्यांच्यावर उकळतं पाणी ओतणं, तो खडक उकळणं किंवा गरम पाण्याखाली घासणं जिवावर बेतू शकतं. विषारी वाफ सगळ्या घराला बाधते.

मासे तीनच. ऑसिलॅरिस क्लाउनची जोडी आणि एक गोबी किंवा फायरफिश. क्लाउन हॅचरीतले मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र भारतात केव्हाच बसवलं आहे, आणि हॅचरीतला मासा पेलेट (दाणेदार खाणं) खातो, रोगही कमी आणतो. दोन लहान, वेगवेगळ्या आकाराचे घ्या. मोठा मादी होतो, लहान नर राहतो. फायरफिश उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी बसवा. ब्लू टँग दुकानात बोटाएवढा असतो, पण तो वाढून ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो. दोन फुटांच्या टाकीत तो कोंडणं क्रूरपणा आहे. मँडरिन मासा सूक्ष्म कोपेपॉडवर जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो.

प्रत्येक मासा चार आठवडे वेगळ्या ४० लिटरच्या टाकीत ठेवा. तिथे वाळू नको, एक पीव्हीसी पाइप लपायला, हीटर आणि स्पंज फिल्टर. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे मरीन इक, एका परजीवीचा रोग. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण फक्त या वेगळ्या टाकीत. मुख्य टाकीत एकदा तांबं गेलं की खडक ते धरून ठेवतो आणि कोळंबी, शंख, कोरल मरतात. इक मुख्य टाकीत शिरलाच तर सगळे मासे काढून ती टाकी ७६ दिवस माशांविना चालवावी लागते.

दुकानातलं पाणी अनेकदा कमी खारट, १.०२० च्या आसपास असतं. आधी ते मोजा आणि वेगळ्या टाकीचं पाणी त्याला जुळवा, मग आठवड्याभरात हळूहळू वर न्या. चेन्नईहून पार्सलने आलेली पिशवी मात्र तासभर ठिबकत ठेवू नका. बंद पिशवीत पीएच उतरलेला असतो, म्हणून अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तापमान जुळवा, पिशवी उघडा, मासा जाळीने लगेच जुळवलेल्या पाण्यात सोडा.

रोजचं आणि आठवड्याचं

रोज तापमान बघा, मासे मोजा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या. दर तीन दिवसांनी फिल्टरचा कापूस बदला. आठवड्यातून एकदा १० लिटर पाणी बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं आणि ३५ पीपीटी. त्याच दिवशी अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट तपासा. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, महिन्यातून एकदा पाहिलं तरी चालेल. सॉफ्ट कोरलच्या टाकीत साप्ताहिक पाण्यातून हे सगळं भरून निघतं, डोसिंगच्या बाटल्या लागत नाहीत. पावसाळ्यात खिडक्या बंद राहिल्या की घरातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो. त्यावर पावडर घालू नका, खिडकी उघडा.

दुसऱ्या आठवड्यापासून वाळूवर तपकिरी थर येतो. हे डायटम, सिलिकेट संपलं की जातात. नंतर हिरवं केसाळ शेवाळ येतं; ते हाताने उपटा, खाणं कमी करा, चार-पाच ट्रोकस शंख सोडा. लालसर, चादरीसारखा निघणारा थर सायनोबॅक्टेरियाचा. तो नळीने ओढून घ्या आणि तिथला प्रवाह वाढवा. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेण्याचा हट्ट मात्र धरू नका. शून्यावर गेलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट येतात, बुडबुडे अडकलेले तपकिरी चिकट धागे, आणि ते घालवणं या सगळ्यांपेक्षा अवघड आहे.

घरातल्या काही गोष्टी टाकीला घातक आहेत, आणि त्या दुकानात कोणी सांगत नाही. मच्छरनाशक लिक्विडमधले पायरेथ्रॉइड कोळंबी आणि खेकड्यांना मारतात, त्या खोलीत ते लावूच नका. पेस्ट कंट्रोल, दिवाळीआधीचं रंगकाम, धूप असेल त्या दिवशी टाकी ओल्या चादरीने झाका, एअर पंपची नळी दुसऱ्या खोलीतून घ्या आणि नंतर दोन दिवस ताजा सक्रिय कार्बन (विष शोषणारा कोळसा) ठेवा. हात घालण्याआधी साबण, क्रीम, अत्तर नीट धुऊन टाका.

गणपतीत किंवा दिवाळीत गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाण्याचा डबा देऊ नका. मासा उपाशी दिसतो म्हणून ते प्रेमाने चौपट घालतील. एकेका दिवसाच्या पुड्या बांधून तारीख घाला आणि दिवसाआड एकच पुडी सांगा, निरोगी माशांना ते पुरतं. टॉप-ऑफच्या पिंपावर पाण्याची रेष आखून ठेवा, तिच्या खाली पाणी गेलं तर कुठल्या पिंपातलं घालायचं ते चिकटपट्टीवर मराठीत लिहा, आणि मिठाच्या पाण्याचं पिंप दुसऱ्या खोलीत हलवा, म्हणजे दोन्हींत गल्लत होणार नाही. परत आल्यावर त्याच दिवशी पाणी बदलू नका. आधी खारेपणा आणि अमोनिया मोजा, स्किमरचा कप धुवा, आणि १० लिटर पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी बदला.